कापडावरचं अर्थशास्त्र

वंदनाताई शंभरकर आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात परिचर आहेत. पुस्तकं काढून देणं, परत आलेली आपापल्या जागी लावणं, सकाळी टेबलं पुसणं आणि वर्तमानपत्रं काठीला अडकवणं हे त्यांचं काम. अकरा वर्षांपूर्वी या जागेवर त्यांचे मिस्टर होते. एका दुपारी छातीत कळ येऊन ते गेले, आणि अनुकंपा तत्त्वावर ताई आल्या. शिक्षण दहावी. त्याआधी त्या शहराबाहेरच्या बेसातल्या घरी साड्यांना फॉल-पिको करायच्या. तेव्हा ते गाव होतं. आता त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंनी इमारती उठल्यात आणि त्या इमारतींतल्या बायकांच्या साड्या त्यांच्याकडे येतात. रविवारी त्या मशीनवर बसतात. इतर दिवशीही पिशवीत सुई-दोरा असतोच. ग्रंथालय रिकामं असलं की मांडीवर कोणाचा तरी पदर घेऊन त्या बसलेल्या दिसतात.

मी त्याच कॉलेजात बावीस वर्षं अर्थशास्त्र शिकवतो. पुस्तकाचं नाव सांगावं आणि त्यांनी ते आणून द्यावं, एवढाच आमचा संबंध होता. नऊ-दहा वर्षांत त्यापलीकडे मी त्यांच्याशी बोललो नव्हतो, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी जुलैत बीएच्या पहिल्या वर्षाचा वर्ग सुरू झाला. बासष्ट मुलं. पहिल्याच दिवशी मी सत्राचं वेळापत्रक सांगितलं: दोन चाचण्या, एक स्वाध्याय, एक छोटं बाजार-सर्वेक्षण, नोव्हेंबरात विद्यापीठाची परीक्षा. तारखांचा कागद स्कॅन करून मुलांच्या ग्रुपवर टाकला आणि माझ्या दृष्टीने काम झालं. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर एक मुलगी पांढऱ्या काठीनं दाराची चौकट चाचपत माझ्यापाशी आली. दीक्षा नगराळे. जन्मापासून दृष्टी नाही. वडील कोराडीच्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर, घर तिथल्याच एका वस्तीत. रोज बसनं एकटी येते. दहावीपर्यंत अंधांच्या शाळेत होती, बारावी कोराडीतूनच झाली.

"सर, तुमची पीडीएफ बोलत नाही," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मग तिनं समजावलं, की तिचा मोबाइल अक्षरं वाचून दाखवतो, पण मी पाठवला होता तो कागदाचा फोटो. फोटोपुढे तिचा मोबाइल गप्प बसतो. मी तिला सांगितलं, की कोणाकडून तरी वाचून घे. असं सांगताना मी घड्याळ बघत होतो, हे आठवतं.

ती ग्रंथालयात गेली. तिथे काउंटरवर वंदनाताई होत्या. त्यांनी तो कागद वाचून दाखवला, तारखा दोनदा सांगितल्या, आणि दीक्षानं त्या आपल्या ब्रेल पाटीवर टोचून घेतल्या. टोचताना होणारा टकटक आवाज ताईंना आवडला. हे त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दीक्षा पुस्तक घेऊन आली. तेव्हापासून दुपारी दीड ते अडीच, ताईंच्या जेवणाच्या सुट्टीत, वाचन सुरू झालं. ताई डबा लवकर उरकायच्या आणि मागच्या खोलीत, जुन्या मासिकांच्या कपाटाजवळ दोघी बसायच्या. ग्रंथपाल विश्वनाथ सरांनी ते पाहिलं आणि पंख्याचं बटण दुरुस्त करून घेतलं.

मजकूर वाचून होत होता. अडचण आली ती 'आकृतीत दाखविल्याप्रमाणे' या शब्दांपाशी. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे शब्द दर दोन पानांनी येतात. ताई थांबायच्या. आकृतीत काय आहे ते सांगू बघायच्या, पण दोन आडव्या-उभ्या रेघा आणि त्यांतून जाणारी तिरपी रेघ, यापुढे त्यांना सांगता येईना. मग त्यांनी दीक्षाचा तळहात पुढे घेतला आणि बोटानं त्यावर रेघ ओढून दाखवली. दीक्षानं ती पुन्हा ओढायला सांगितली. तीनदा ओढल्यावर म्हणाली, "ताई, तुम्ही दर वेळी वेगळ्या जागी ओढता."

माझ्या वर्गात तर तेवढंही नव्हतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी मागणीचा वक्र शिकवत होतो. फळ्याकडे तोंड करून मी म्हणालो, की किंमत इथून इथे आली, तर मागणी इथून इथे जाते, आणि हे दोन बिंदू जोडले की हा असा वक्र मिळतो. मागच्या बाकावरून दीक्षाचा आवाज आला.

"सर, 'इथून इथे' म्हणजे कुठून कुठे?"

वर्ग हसला. तिला हसला की मला, ते समजलं नाही. मी पुन्हा सांगायला सुरुवात केली आणि लक्षात आलं, की वीस वर्षं मी 'इथे', 'तिथे', 'हे असं' यांवरच शिकवत आलो आहे. खडू खाली ठेवला तर माझ्याकडे सांगायला शब्दच नव्हते. तास संपल्यावर मी तिला समजुतीच्या सुरात सांगितलं, की आकृतीचे प्रश्न तुम्हाला माफ असतात, त्याऐवजी दुसरा प्रश्न सोडवता येतो, काळजी करू नकोस.

"शाळेतही असंच होतं सर. आकृती आली की आम्हाले माफ. मले माफ नको आहे. मले समजून घ्यायचं आहे."

मला ती हट्टी वाटली. विषय बदलायला अजून सहा दिवस मुदत होती. मी ऑफिसातून अर्ज आणून तिच्या हातात दिला, मराठी साहित्य किंवा समाजशास्त्र घे म्हणालो, आणि आपण तिच्या भल्याचंच सांगतोय असं मनोमन मानून घरी गेलो.

तो अर्ज भरून द्यायचं काम साहजिकच ताईंकडे आलं. तिसऱ्या दिवशी त्या स्टाफरूमच्या दाराशी उभ्या दिसल्या. आत या म्हटल्यावर आल्या, बसल्या मात्र नाहीत. अर्ज कोरा होता.

"सर, मुदत अजून तीन दिवस आहे न? तोपर्यंत हे माझ्याजवळ राहू द्या. मी काही करून पाहून राहिली."

काय करता, असं मी विचारलं नाही. हो म्हणालो.

त्या रात्री आणि पुढच्या रविवारी त्यांनी जे केलं ते मी नंतर पाहिलं. मांजरपाटाचा वीतभर चौकोन. त्यावर पुस्तकातली आकृती मोठी करून कार्बननं उतरवलेली. आडव्या आणि उभ्या अक्षासाठी ब्लाउजच्या पायपिंगची दोरी, हातानं घट्ट शिवलेली. मागणीची रेघ साखळी टाक्यानं. बिंदूंच्या जागी छोटी टिचबटणं. कोणता अक्ष किमतीचा आणि कोणता मागणीचा, ते दीक्षाकडून जाड कागदावर ब्रेलमध्ये टोचून घेऊन त्या पट्ट्या कडेला शिवल्या.

दीक्षानं बोटं ठेवली. उभ्या दोरीवरून वर गेली, बटणापाशी थांबली, तिथून साखळी धरून उजवीकडे खाली उतरली. पुन्हा वर गेली. पुन्हा उतरली. मग म्हणाली, "एवढंच होतं?"

ताई मला सांगतात, की तेव्हा त्यांनाही पहिल्यांदा समजलं. बोट खाली उतरतं म्हणजे भाव उतरतो, आणि तेच बोट उजवीकडे सरकतं म्हणजे माल जास्त खपतो. शिवताना त्या फक्त रेघ शिवत होत्या. अर्ज त्यांनी फाडला नाही, त्यांना कागद फाडायची सवय नाही. घडी घालून ऑफिसात परत दिला.

महिनाभरात सहा आकृत्या झाल्या. दोरा बर्डीच्या बाजारातून यायचा, मांजरपाट घरचा होता. मुलांना हे ठाऊक झालं होतं. मला अर्धवट माहीत होतं, पण मी लक्ष घातलं नव्हतं. आकृत्या वाढल्या तशी हाताची शिवण पुरेना, म्हणून ताईंनी युक्ती काढली. मशीनच्या बॉबिनमध्ये जाड रेशीम भरायचं आणि कापड पालथं ठेवून शिवायचं. जाड दोरा खालच्या बाजूला उमटतो, तीच सुलटी बाजू. हातानं दोन तास लागायचे तिथं दहा मिनिटांत रेघ व्हायची. पुरवठ्याचा वक्र त्यांनी असा पहिल्यांदा शिवला. अक्षांच्या दोऱ्या आधीच हातानं सुलट्या बाजूला लावून झाल्या होत्या.

पहिली चाचणी सोमवारी होती. मला सोमवारी एका बैठकीला जायचं होतं, म्हणून मी ती अलीकडे ओढून गुरुवारी घेतली आणि ग्रुपवर कळवलं. पुरवठ्याच्या तासाला दीक्षा नव्हती. कोळशाच्या ट्रकांच्या रांगेत तिची बस दीड तास अडकली होती. ताईंचं ते प्रकरण वाचून व्हायचं होतं, पण चाचणी अलीकडे आल्यानं जेमतेम व्याख्या वाचून झाली. कापड मात्र तयार होतं, ते दीक्षा घरी घेऊन गेली.

बुधवारी संध्याकाळी तिनं कोराडीहून ताईंना फोन केला. कापडावरची रेघ डावीकडून उजवीकडे खाली उतरते आहे, म्हणजे किंमत वाढली की पुरवठा कमी होतो का, असं तिनं विचारलं. पुस्तक ग्रंथालयात होतं, कापड कोराडीत आणि ताई बेसात. ताईंनी सांगितलं, की पुस्तकात जशी आहे तशीच शिवली आहे. त्यांना तसंच वाटत होतं.

चाचणीत दीक्षाचं उत्तर लिहायला भूमिका नावाची मुलगी होती. ती आमच्याच आवारातल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावीला. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या वर्गातला असावा लागतो, म्हणून तिला घेतलं होतं. दीक्षानं तिला पुरवठ्याचा नियम नेमका उलटा सांगितला. आणि नुसता सांगितला नाही, त्याला कारणही दिलं: तुरीच्या डाळीचा भाव वाढायला लागला, की व्यापारी आणखी भाव वाढेल म्हणून माल दाबून ठेवतो, त्यामुळे किंमत वाढली की बाजारात पुरवठा कमी होतो.

मी दहापैकी दोन गुण दिले. तांबड्या शाईनं लिहिलं, 'मूलभूत संकल्पना अस्पष्ट'. आणि वर्गात पेपर वाटताना म्हणालो, की काही जणांनी तर पुरवठ्याची रेघ डोक्यावर उभी केली आहे. नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. माना वळल्याचं तिला दिसत नव्हतं, म्हणून काय झालं. तिला ते कळलं असणारच.

दुपारी तिनं तो पेपर ताईंसमोर ठेवला आणि सरांनी काय लिहिलंय ते वाचा म्हणाली. ताईंनी वाचलं. मग त्यांनी पुस्तक काढलं, पुरवठ्याचं पान उघडलं, शेजारी कापड ठेवलं, आणि बराच वेळ दोन्हींकडे पाहत राहिल्या. पुस्तकातली रेघ वर जात होती. कापडावरची खाली येत होती. पालथ्या कापडावर शिवलेलं सुलटं केलं की डावं उजवीकडे जातं, हे आयुष्यभर शिवणकाम करणाऱ्या बाईला सांगायची गरज नव्हती. साडीच्या काठाला त्यानं फरक पडत नाही. म्हणून ते ध्यानात आलं नाही, एवढंच.

स्टाफरूममध्ये आम्ही सात-आठ जण चहा घेत होतो. ताई आत आल्या. या वेळी दारात थांबल्या नाहीत. माझ्या टेबलावर कापड ठेवलं, त्यावर पुस्तक उघडून ठेवलं.

"सर, चूक तिची नाही. माही आहे. मी पालथं शिवलं. तिच्या बोटाले जे लागलं ते तिनं बरोबर सांगतलं."

सगळे बघत होते. मी म्हणालो, की ठीक आहे ताई, पण गुण यादीत चढलेत, आता काय करता येईल. हे वाक्य माझ्या तोंडून इतक्या सहज गेलं, की आजही आठवलं तर कानाला खटकतं.

त्या हलल्या नाहीत. "हे दोन मार्क माहे समजा ना सर, तिच्या नावावर काहून टाकता? पोरीनं आज डबाही उघडला नाही."

मी कापडावर हात ठेवला. का कोण जाणे, डोळे मिटले. दोरी सापडली, बटण सापडलं, तिथून रेघ धरून बोट सरकवलं आणि ते खाली गेलं. मी दीक्षाच्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं. मग उत्तरपत्रिका मागवून पुन्हा वाचली. तुरीच्या डाळीचं कारण वाचताना मला आमचं पुस्तक आठवलं. पुरवठ्याच्या नियमाचे अपवाद त्यात दिले आहेत, आणि त्यांतला एक हाच आहे: पुढे भाव आणखी वाढेल या अपेक्षेनं विक्रेता माल रोखून धरतो. ते पान वर्गात अजून झालंच नव्हतं. मुलीनं चुकीच्या रेघेवरून स्वतःच्या बुद्धीनं तो अपवाद शोधून काढला होता, आणि मी त्यावर तांबडी शाई चालवली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी ते उत्तर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि काय झालं ते सांगितलं. चाचणी मी अलीकडे ओढली, पुरवठ्याच्या नोट्सही पुन्हा कागदाचे फोटो काढूनच पाठवल्या, आणि कापड तपासून द्यायचं माझं काम मी केलं नाही, हेही सांगितलं. ते सांगणं सोपं नव्हतं. गैरहजर मुलांसाठी फेरचाचणी असतेच, त्यात दीक्षाला बसवलं. तिला आठ मिळाले. दोन मी कापले, कारण एक व्याख्या खरंच अपुरी होती. तिला ते पटलं.

त्यानंतर दर आकृती आधी माझ्याकडे येऊ लागली. मी डोळे मिटून तपासायचो. त्यात माझ्या शिकवण्याची बरीच हजेरी घेतली गेली. ताईंचे प्रश्न साधे असायचे आणि मला उत्तर देता देता घाम फुटायचा. समवृत्ती वक्र शिवताना मी त्यांना सांगितलं, की एक वस्तू कमी झाली तर दुसरी किती जास्त हवी म्हणजे समाधान तेवढंच राहील, ते ही रेघ दाखवते. त्या म्हणाल्या, की हे तर घरात रोजचंच आहे, याले एवढं नाव काहून दिलं. कमाल किमतीच्या आकृतीत सरकारनं बांधलेल्या भावाची आडवी रेघ, मागणी-पुरवठ्याच्या रेघा जिथे भेटतात त्या समतोलाच्या खाली असते. ती त्यांनी काळ्या दोऱ्यानं शिवली आणि विचारलं, की खालीच काहून, वर का नाही. मी म्हणालो, की बाजारभाव आधीच कमी असताना वरचा भाव बांधून उपयोग काय, बांधायचा तो कमी भावालाच. त्यांनी मान हलवली आणि दोरा दातानं तोडला. समजलं की त्या 'हो सर' म्हणत नाहीत, कामाला लागतात.

नोव्हेंबर आला. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या कॉलेजात होतं. लेखनिकाची परवानगी, प्राचार्यांचं पत्र, जादा वेळेचा अर्ज, तळमजल्यावरची वेगळी खोली, सगळं मी स्वतः जाऊन करून घेतलं होतं. साडेनऊचा पेपर. सकाळी सव्वासातला भूमिकाच्या आईचा फोन आला. पोरीला डेंग्यू निघाला होता, आदल्या संध्याकाळीच दवाखान्यात भरती केलं होतं. त्या माउलीनं तिथूनही आठवणीनं कळवलं.

दोन तासांत दुसरा लेखनिक कुठून आणायचा? ज्युनिअर कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागलेली. तीन मुलींना फोन केले. एक गावी होती, दोघींनी उचलला नाही. शेवटी मी वंदनाताईंना फोन केला, तो खरं तर कोणी ओळखीचं असेल का विचारायला. बोलता बोलताच माझ्या डोक्यात आलं. दहावी पास. अर्थशास्त्र कधी घेतलेलं नाही. नियमात बसत होतं. कागदोपत्री त्यांना अर्थशास्त्राचं अक्षर येत नव्हतं.

मी त्यांनाच याल का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "माहं अक्षर चांगलं नाही सर. पण वाचता येते."

त्यांच्या दहावीच्या प्रमाणपत्राची प्रत त्यांच्या नोकरीच्या फायलीत होती. मी ऑफिसच्या बाबूला घरून उठवून आणलं, प्राचार्यांच्या घरी जाऊन नवीन पत्रावर सही घेतली आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी केंद्रावर पोचलो. ताई रिक्षानं आल्या होत्या. दीक्षा फाटकाजवळ वडिलांबरोबर उभी होती. केंद्रप्रमुखांनी पत्र उलटसुलट पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि एकच सूचना दिली: लेखनिकानं विद्यार्थी सांगेल तेच लिहायचं, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. ताईंनी तसं लेखी दिलं.

आत काय झालं ते मला त्यांनी पेपर सुटल्यावर सांगितलं नाही. नीट झाला, एवढंच म्हणाल्या. पण चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, चार तास लिहून हात भरून आला असेल.

निकाल जानेवारीत लागला. दीक्षा अर्थशास्त्रात ऐंशीपैकी एकोणपन्नास गुणांनी पास झाली. वर्गात ती पंधरावी-सोळावी होती. बातमी द्यायला मी ग्रंथालयात गेलो, तर दीक्षा येऊन गेली होती. ताई मागच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. मी अभिनंदन म्हणालो तशा त्या म्हणाल्या, "सर, तिचे आणखी वाढले असते." आणि मग सांगितलं.

कमाल किमतीचा प्रश्न आला होता, आठ गुणांचा. आकृती न काढता दुसरा प्रश्न सोडवायची सवलत होती. दीक्षानं ती घेतली नाही. तिनं ताईंना आकृती सांगायला सुरुवात केली. उभा अक्ष सहा बोटं, आडवा अक्ष सात बोटं, मागणीची रेघ कुठून कुठे, पुरवठ्याची कुठून कुठे, त्या कुठे एकमेकींना भेटतात, सगळं बोटांच्या मापानं. ताई काढत गेल्या. मग दीक्षा म्हणाली, की आता सरकारच्या भावाची आडवी रेघ काढा, समतोलाच्या एक बोट वर.

ती रेघ खाली असते, हे ताईंना माहीत होतं. त्यांनी स्वतः शिवली होती. का खाली असते, तेही माहीत होतं.

"पेन थांबला सर माहा. एक घडी थांबला. मंग मी लिहिलं. वर काढली रेघ. नंतर तिनं सगळं वाचून दाखवा म्हटलं, तं तेही वाचलं. आवाज बदलू दिला नाही. तिनं दुसरी एक गोष्ट दुरुस्त केली, पण हे तसंच ठेवलं."

पर्यवेक्षक दारात पाठ करून उभे होते, असं त्यांनी सांगितलं. एक शब्द बोलल्या असत्या तरी कोणाला ऐकू गेलं नसतं. त्या दोन महिने हे मनात धरून होत्या. लिहून दिलं होतं म्हणून गप्प बसले, की भ्याले, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नव्हतं. घरी कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. आणि दीक्षाला सांगायचं धैर्य झालं नव्हतं.

"मंग आज सांगतलं तिले. म्हटलं, मले माहीत होतं वं, अन मी चूक लिहू देलं तुले."

मी विचारलं, ती काय म्हणाली.

ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि काढला. "ते म्हणते, ताई, तुमचा पेन थांबला तेव्हाच मले समजलं होतं, काहीतरी चुकलं म्हणून. मी पुष्कळ विचार केला, पण काय चुकलं ते मले आठवलं नाही. नुसतं तुमच्या थांबण्यावरून बदललं असतं, तं ते तुमचं उत्तर झालं असतं."

मी समोरची खुर्ची ओढून बसलो.

"मग तुम्ही काय म्हटलं?" मी विचारलं.

"काय म्हणू सर? पाणी देलं तिले. अन दुसऱ्या सत्राचं पुस्तक काढून वाचाले बसलो. पहिल्याच पानावर आकृती आहे. तीन रेघा एकात एक. हे तं मशीनवर होत नाही, हातानंच करावं लागते."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि मधली रेघ सरळ आहे की किंचित वाकलेली, ते विचारलं. पानाची छपाई पुसट होती. मी चष्मा काढला, पुस्तक खिडकीजवळ नेलं आणि नीट पाहून त्यांना सांगितलं, की वाकलेली आहे, अगदी थोडी.